हात पुरेल एवढं स्वयंपाकघर

आमचे घरमालक कोणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे बघत नसत, स्वयंपाकघराकडे बघत. दारात चपला काढता काढताच मान वाकडी करून आत डोकवायचे आणि घरच्या बाईला विचारायचे, "किती जनं जेवता वो घरात?" बाई म्हणायची, चौघं. "मंग ह्या एवढ्या वाट्या कोनासाठी? बारात येऊन राहिली का?"

अशा माणसाला दुसऱ्यांदा चहाला कोण बोलावणार? सत्यनारायणाच्या प्रसादाला बोलवायचं झालं, तर गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या आमच्या गल्लीतल्या बायका आधी स्वयंपाकघराचा पडदा ओढून घेत. पण बोलवत मात्र सगळ्या, कारण मनाने माणूस सोन्यासारखा होता. रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते, म्हणून लहानथोर सगळे त्यांना गार्डबाबू म्हणत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, बायको त्याआधीच गेली होती, मुलगा रायपूरला नोकरीला. खाली ते एकटे राहायचे आणि वरच्या दोन खोल्यांत आम्ही भाडेकरू.

त्यांचं स्वतःचं स्वयंपाकघर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसूच आलं होतं. एक गंज, म्हणजे पातेलं, एक कढई, एक तवा, एक चाकू, दोन ताटं. मी म्हटलं, "गार्डबाबू, एकट्याला दोन ताटं कशाला?"

"कोनी आलं तर?"

"आणि नाही आलं तर?"

"तर गंजावर झाकन होते ना वो. रिकामं नाई बसत ते."

ओटा होता, पण त्यावर ते फक्त पाण्याची बादली ठेवत. स्वयंपाक खाली पाटावर बसून. डाळ, तांदूळ, तेल, मीठ, तिखट सगळं पाटाभोवती असं मांडलेलं की स्वयंपाक सुरू झाल्यापासून जेवण होईपर्यंत उठायची गरज पडू नये. कोणी हसलं तर ठणकावून सांगत, "बसल्या जागी हात पुरला पायजे. जिथं हात पुरत नाई, ते आपलं नाई."

हे तत्त्वज्ञान आलं होतं ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे मालगाडीच्या शेवटच्या, गार्डाच्या डब्यातून. त्यांची लोखंडी पेटी असायची. तिच्यात झेंड्या, कंदील, शिट्टी हा सरकारी ऐवज, आणि त्यालाच खेटून एक छोटा स्टोव्ह, गंज आणि तांदूळ-डाळीच्या पुरचुंड्या. दरेकसाच्या चढाआधी मालगाडी बाजूच्या रुळावर काढून ठेवत आणि मेलगाड्या पुढे जाऊ देत. कधी सुटायचं हे कोणी सांगत नसे. चोहीकडे जंगल आणि पोटात भूक. तेवढ्यात खिचडी टाकायची, आणि सिग्नल पडला की ती शिजली असो की नसो, स्टोव्ह विझवून हिरवा झेंडा घेऊन दारात उभं राहायचं.

"अर्ध्या कच्च्या खिचडीवर नोकरी काढली मी बेटा," ते म्हणायचे. "तिथं एक चम्मच जास्तीचा असला ना, गाडी हालली का तो पायात येते. तेव्हा कळते मानसाले काय लागते नि काय नाई."

त्यामुळे स्वयंपाकघराबद्दल ते बोलत तेही रेल्वेच्याच भाषेत. रोज लागणारी वस्तू मेन लाइनवर, सणासुदीची लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, आणि ज्याचं काही काम उरलं नाही ते कंडम. सदऱ्याच्या खिशात खडूचा तुकडा असायचा. बिघडलेल्या वॅगनवर खूण करतात तशी ते भांड्यांवर फुली मारत. शेजारच्या एका बाईंच्या माहेरच्या चांदीच्या करंड्यावर त्यांनी एकदा फुली मारली होती, तेव्हापासून त्या घरी त्यांना चहा बाहेर ओसरीवरच मिळे. त्याचं त्यांना काही वाटत नसे. चहा तोच आहे ना, म्हणायचे.

आता आमची कथा. मी शाळेत शिकवते, नवरा गोंदियात एका राईस मिलमध्ये नोकरीला. लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्या छोट्याशा स्वयंपाकघरात मी फार सुखाने रांधलं. शाळेतून आल्यावर स्कूटी लावायची, हातपाय धुवायचे आणि भाजी फोडणीला टाकायची, की दिवसाचा शीण तिथेच उतरायचा. मग सासरे गेले. दवनीवाड्याच्या घरी थोरल्या जावेचा संसार होता, तिथं सासूबाईंचं मन रमेना, म्हणून आम्ही त्यांना आमच्याकडे आणलं. त्यांच्याबरोबर टेम्पोभर भांडी आली. जाऊबाईंना नव्या स्टीलची हौस होती, त्यांनी हसतमुखाने ती चढवून दिली. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत वावरात राबणाऱ्या बायामाणसांचा स्वयंपाक ज्यांत होत असे ते गंज, पाण्याचे पितळी गुंड, पीठ मळायचे परातीसारखे कोपर, ताकाचा डेरा, आणि झाऱ्यांचा तर हिशेबच नाही. प्रत्येकावर कोणाचं ना कोणाचं नाव घातलेलं, मामाचं, आत्याचं, व्याह्यांचं. नाव असलेलं भांडं टाकायचं म्हणजे त्या माणसालाच टाकल्यासारखं.

ते सगळं आमच्या स्वयंपाकघरात, ओट्यावर, ओट्याखाली, सज्ज्यावर, सिलिंडरच्या मागे. कुकर काढायचा तर आधी कोपर हलवा, कोपर हलवला की त्यामागचे झारे खाली पडत. चहा करायचा म्हटलं तरी कपाळात शीर उठायची. मी चिडायची, नवऱ्यावर ओरडायची, पोळ्या करपायच्या. शेवटी एक दिवस मी हात टेकले आणि खाणावळीचा डबा लावला.

डब्याचं आम्हाला चालून गेलं असतं. पण सासूबाई जेवेनाशा झाल्या. पलंगावर बसून असत. ताट पुढे ठेवलं की दोन घास घेत आणि म्हणत, "जात नाई वो पोरी." डॉक्टरांनी तपासलं, काही नाही म्हणाले. पण त्यांच्या हातातल्या बांगड्या सैल होत होत कोपराकडे सरकायला लागल्या होत्या, आणि ते मला रोज दिसत होतं. ह्या बाईने आयुष्यभर वावरातल्या लोकांना ओरडून ओरडून जेवू घातलं होतं. मला भीती वाटायची. नवरा रात्री आईच्या खोलीत दोनदा तरी डोकावून येई.

गार्डबाबूंनी डबा जिन्यात पाहिला आणि तसाच उचलून वर आले. "हे कोनाचं होय?"

"आमचाच आहे."

"माह्या घरात डबा?" त्यांच्या आवाजात असं काही होतं की जणू मी जिन्यात म्हैस बांधली होती. मान वाकडी करून त्यांनी आत पाहिलं. मग सासूबाईंकडे गेले. "पाटलीनबाई, काऊन जेवून नाई राहिले तुमी?"

"भूक नाई जी."

"मरायचं आहे का?"

मी दचकले. आमच्याकडे असं कोणी बोललं नव्हतं. पण सासूबाई कितीतरी दिवसांनी हसल्या. "तसंच समजा," म्हणाल्या.

गार्डबाबूंनी पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा मुहूर्त काढला. त्या दिवशी आमच्याकडे नारबोद निघते. तिचं बुजगावणं गावाबाहेर नेताना पोरंटोरं ओरडत जातात की रोगराई, खोकला, माश्या-मच्छर सगळं घेऊन जाय री नारबोद. गल्लीत तो गलका चालू असताना गार्डबाबू आमच्या दारात उभे राहून ओरडले, "खासी-खोकला घेऊन जाय री, बिनकामाचे झारे घेऊन जाय री नारबोद!" आणि मग नवऱ्याला म्हणाले, "आज गाव रोग बाहेर काढून राहिलं. तुमी भांडे काढा."

सगळी भांडी अंगणात आली. स्वयंपाकघराची फरशी कोणत्या रंगाची होती हे मला तेव्हा आठवलं. सासूबाईंना खुर्ची टाकून दिली. गार्डबाबूंचा नियम एकच होता. ते स्वतः काही फेकणार नाहीत. एकेक भांडं वर उचलतील, आणि ज्याचं आहे त्याने त्याचं काम मोठ्याने सांगायचं. काम सांगता आलं तर ते जिना चढून वर जाणार.

"हा कोपर. याचं काम सांगा."

"पीठ मळाले," सासूबाई म्हणाल्या.

"किती जनांचं?"

सासूबाईंची बोटं तिनावर थांबली. खडूची फुली पडली. झाऱ्यांपैकी एक वर गेला, बाकीचे खाली राहिले. ताकाचा डेरा खाली राहिला. एका गुंडावर मात्र सासूबाई अडल्या. हा माह्या आईनं देल्ला, म्हणाल्या, आणि काम काही सांगेनात. गार्डबाबू थोडा वेळ तो हातात फिरवत बसले. "आईची याद ठेवाले होय म्हना ना मंग. तेही कामच होय," असं म्हणून त्यांनी तो स्वतः वर नेऊन ठेवला. मला वाटलं होतं हा माणूस दगड आहे. तसा तो नव्हता.

शेवटी तो मोठा गंज आला, रोवण्याचा भात ज्यात शिजायचा तो. सासूबाई म्हणाल्या, "याले हात नका लावू. जिंदगीभर सैपाक केला मी याच्यात."

"हाव. पन यानं जिंदगीभर किती मानसं जेवू घातले?"

"वीस-पंचवीस. कधी जास्ती."

"तर त्याले वीस मानसं द्या, नाई तर त्याले वीस मानसांकडं जाऊ द्या. इथं तीन जनांत उपाशी कायले ठेवून राहिले त्याले?"

सासूबाईंनी गंजाच्या काठावरून हात फिरवला. मग माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "गावातल्या लग्नाच्या भांड्यांत टाकून दे." दवनीवाड्यात मंदिराजवळ गावाची सामाईक भांडी असतात, लग्नकार्याला ज्याला लागतील तो नेतो. त्या आठवड्यात टेम्पो परत गेला, आणि मामा, आत्या, व्याही सगळे आपापल्या नावासकट गावच्या मांडवात सेवेला लागले.

माझ्या मिक्सरवरही त्यांनी फुली मारली होती, हे सांगायलाच हवं. मी म्हटलं, "गार्डबाबू, मिक्सर गेला तर मीही जाईन." ते म्हणाले पाट्यावर वाटा. मी म्हटलं, तुम्ही सकाळी शाळेच्या वेळेआधी येऊन वाटून द्या. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी वर येऊन स्वतःच्या हाताने ओल्या फडक्याने खडू पुसून गेले. त्यांचंही प्रत्येक म्हणणं बरोबर नसायचं, आणि ते मान्य करण्याची त्यांची पद्धत ही अशी होती.

माझ्यापुरतं बोलायचं तर त्या आठवड्यात माझं स्वयंपाकघर मला परत मिळालं. डबा बंद केला. कुकर हात लांबवला की हाती येई. ओट्यावर कांदा चिरायला जागा. सकाळी खिडकीतून उजेड थेट तव्यावर पडे, आणि मी चक्क गुणगुणत पोळ्या लाटायची. इतक्या साध्या गोष्टीने माणूस इतका सुखी होऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं. पण सासूबाई तशाच. माझी भाजी चांगली झाली म्हणत, आणि दोन घासांवर ताट सरकवत. मी त्यांच्यासाठी कोचईच्या पानांच्या वड्या केल्या, म्हणजे अळूचाच प्रकार, त्यांच्या सगळ्यात आवडीच्या. एक खाल्ली. मी संडासात जाऊन रडले, दुसरी जागाच नव्हती घरात.

गार्डबाबू रोज संध्याकाळी खालून विचारत, "जेवल्या का?" मी नाही म्हणायची. एकदा ते वर येऊन स्टुलावर बसून राहिले. मी स्वयंपाक करत होते. सासूबाई उठून स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या, चौकट धरून उभ्या राहिल्या, पाय थरथरायला लागले तशा परत पलंगावर गेल्या. थोड्या वेळाने पुन्हा आल्या, पुन्हा गेल्या. मला वाटायचं त्या पाणी मागायला येतात.

"पाटलीनबाई," गार्डबाबूंनी विचारलं, "जिंदगीत कधी उभं राहून सैपाक केला का तुमी?"

"नाई जी. चुलीपाशी बसूनच. उभं राहिलं का पायाले मुंग्या येते, चक्कर येते."

गार्डबाबू स्टुलावरून उठून खाली गेले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी धाडकन आवाज झाला म्हणून मी धावले, तर गार्डबाबू छिन्नी-हातोडा घेऊन आमच्या स्वयंपाकघराचा ओटा फोडत होते. त्यांचाच ओटा, त्यांच्याच घराचा, चांगला काळ्या दगडाचा. नवरा म्हणाला, "गार्डबाबू, काय करून राहिले तुम्ही!"

"सगळ्यात मोठी अडगळ हेच होय," ते धुळीत खोकत म्हणाले. "सगळे भांडे काढले, नि हेच राहून गेलं."

मग हातोडा खाली ठेवून ते तिथेच बसले. मला म्हणाले, "हे घर बांधलं तेव्हा लई शौकानं ओटा टाकला मी बेटा. वर नि खाली, दोन्ही. माह्या आईले गावावरून आनलं, म्हटलं आता धुरात बसायचं काम नाई. ती आली, अन् तिनं पुन्हा सैपाक केलाच नाई. जेवन बी कमी कमी होत गेलं. मी म्हटलं उमर झाली. ड्युटीवर राहायचो मी, कोनाकडं पाहाले टाइम होता? ब्रेकव्हॅनमध्ये बसून रोज खिचडी करायचो, पन तिले बसाले जागा नाई ठेवली आपन, हे काई डोक्यात नाई आलं."

 नवऱ्याने दुसरा हातोडा आणला.

अर्धा ओटा पाडला, बेसिनकडचा अर्धा माझ्यासाठी ठेवला. मोकळ्या झालेल्या जागेत मिस्त्रीकडून वीतभर उंचीचा कट्टा बांधून घेतला आणि त्यावर शेगडी ठेवली. सिलिंडर गॅलरीत काढला. कट्ट्यासमोर पाट. गार्डबाबू स्वतः पाटावर बसले आणि डावा हात, उजवा हात लांब करकरून पाहिला. मिठाची बरणी त्यांनी तीनदा सरकवली. तिखट, हळद, पोळपाट, सांडशी, तांदळाचा डबा, सगळं हाताच्या टप्प्यात. मग उठले आणि सासूबाईंना म्हणाले, "या. बसून पाहा."

सासूबाई हळूहळू बसल्या. पाय एका अंगाला घेतले, पदर खोचला. हात लांब करून मीठ उचललं, पुन्हा ठेवलं. तेलाची कडची, म्हणजे पळी, उचलली, ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वांगे आहेत का वो घरात? नि लाखोळीची डाळ दे. अन् गंज तो मोठा नोको, लहान दे."

मी दाराशी उभी होते, ती धावत जाऊन वांगी, डाळ आणि लहान गंज घेऊन आले. भात रटरटायला लागला तेव्हा त्यांनी न उठता झाकण सरकवलं. वांगी चिरली, फोडणी दिली, सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, काडी न काडी खुडून टाकली. घरभर वास भरला. ताटं वाढली ती त्यांनीच, आम्हा तिघांची, गार्डबाबूंनाही आग्रहाने बसवून. मग स्वतःचं वाढून घेतलं, डाळ ओतली, आणि जेवल्या. जेवता जेवता माझ्यासमोर ताट धरलं, "भात वाढ." नवरा ताटावरून उठून गॅलरीत गेला. परत आला तेव्हा डोळे लाल होते, म्हणे तिखट लागलं.

"मीठ कमी आहे," गार्डबाबू म्हणाले.

"तुमी बरनी लई दूर ठेवली जी," सासूबाईंनी तिथल्या तिथे परतवलं. गार्डबाबूंना आयुष्यात कोणी असं उत्तर दिलं नसावं. ते ठसका लागेपर्यंत हसले.

त्यानंतर दर इतवारी ते आमच्याकडे जेवायला असत, आणि दर इतवारी त्या दोघांचं भांडण असे. ते म्हणत लसूण जास्ती झाला, त्या म्हणत तुमी कच्च्या खिचडीचे गिऱ्हाईक, तुमाले काय कळते. मी अर्ध्या ओट्यावर पोळ्या लाटत दोघांचं ऐकत असायची. सासूबाईंच्या बांगड्या पुन्हा मनगटावर आल्या होत्या. ह्या माणसाचे उपकार कसे फेडायचे हे मला कधी कळलं नाही. एकदा तसं बोलून दाखवलं तर म्हणाले, "फेडू नोको. जागा नाई माह्याकडं ठेवाले."

पुढे गुडघ्यांनी दगा दिला, तसा मुलगा त्यांना रायपूरला घेऊन गेला. जाताना एक बॅग होती, तीही अर्धी रिकामी. तिथून फोन करत. कशी आहेस, बरी आहेस का, हे कधी विचारलं नाही. "कट्ट्यावर काय काय जमा करून राहिली?" आणि मग, "पाटलीनबाईले फोन दे."

गेल्या थंडीत त्यांच्या मुलाचा फोन आला. सकाळीच गेले होते, झोपेत, त्रास न होता. मी फोन ठेवला आणि मला आधी सासूबाई आठवल्या. सासरे गेल्यावर जे झालं ते मी पाहिलं होतं. कसं सांगावं हे दोनदा मनात जुळवून पाहिलं. शेवटी जवळ बसून सांगितलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.  मी म्हटलं, "आई, तुम्ही पडा आज. मी खिचडी टाकते काहीतरी."

"सरक," त्या म्हणाल्या.

भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेल्या, पाटावर बसल्या आणि तांदूळ घेतले. मला वाटलं थांबतील, पण थांबल्या नाहीत. भात, लाखोळीची डाळ, वांगी, पुरा स्वयंपाक केला. अश्रू गालावरून ओघळत होते, ते पदराने पुसत होत्या आणि दुसऱ्या हाताने डाळ ढवळत होत्या. तीन ताटं वाढली. मला घास उचलवेना. नवरा नुसता भातात बोटं फिरवत होता.

"जेवा," सासूबाई म्हणाल्या. "मानूस गेला म्हनून मी एकदा जेवन सोडलं होतं. या मानसानं आपला ओटा फोडून मले इथं बसवलं. आता याच्यासाठी उपाशी राहू का मी?"

मग डाळ कालवून पहिला घास त्यांनी स्वतः घेतला. आम्ही दोघंही जेवलो.